चार वायरी आणि एक कूलर: ‘हॉट रॉडेड’ हमबकर संचाचे परीक्षण

सेमूर डंकन कंपनीचा ‘हॉट रॉडेड’ संच, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवर ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) जागी ‘जेबी’ आणि नेकच्या (गळ्याच्या) जागी ‘जॅझ’ ही हमबकर पिकअपची, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या दोन कॉइलच्या भागांची, जोडी, बाजारात इतकी जुनी आहे आणि तिच्याविषयी इतके लिहिले-बोलले गेले आहे की तिच्या मूळ आवाजाचे आणखी एक वर्णन करण्यात फारसे हशील नाही. प्रत्येक पिकअपमधून बाहेर येणाऱ्या चार रंगीत वायरी कशा जोडाव्यात आणि त्या जोडणीतून नेमके काय हाती लागते, हा विषय मात्र अजून बोलण्यासारखा आहे. त्यातही नागपुरात, मे महिन्यात, पाठीमागे कूलर घरघरत असताना या जोडण्या कशा वाजतात हा प्रश्न वेगळाच आहे, आणि माझ्या मते संचाची खरी परीक्षा तिथेच होते.

गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ गिटारच्या घाटाच्या, दोन व्हॉल्यूम, दोन टोन आणि एक टॉगल (पिकअप निवडायचा खटका) अशी नेहमीची मांडणी असलेल्या गिटारमध्ये मी हा संच बसवून घेतला. काम सदरमधल्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात झाले, जिथे गिटारींपेक्षा बंद पडलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सरच जास्त येतात. कारागिराने लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायला लावली नाही, हे मला विशेष आवडले. दोन्ही पिकअपच्या वायरी त्याने मागच्या पोकळीतून बाहेर काढल्या आणि घरगुती वायरिंगला वापरतात त्या प्लास्टिकच्या कनेक्टर पट्टीत एकेक करून स्क्रूने आवळल्या, जेणेकरून पेचकस फिरवून जोडणी बदलता यावी आणि प्रत्येक प्रकार कानाने ऐकल्यावरच कायमचा सोल्डरचा डाग द्यावा. मी कूलर बंद करायला उठलो तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या न भाऊ, चालूच राहू द्या. घरी काय तुम्ही कूलर बंद करून वाजवणार आहात?” पुढची सगळी मते त्या चालू कूलरसकट बनलेली आहेत.

हमबकरचे तत्त्व थोडक्यात सांगायला हवे, कारण त्याशिवाय जोडण्यांमधला फरक कळत नाही. यात दोन कॉइल शेजारीशेजारी असतात; एकीत चुंबकाचा उत्तर ध्रुव गिटारच्या तारांकडे असतो, दुसरीत दक्षिण, आणि दोन्ही कॉइल विद्युतदृष्ट्या एकमेकींच्या उलट दिशेने जोडलेल्या असतात. तारेच्या कंपनातून निघणारा संकेत आधी चुंबकामुळे आणि मग जोडणीमुळे असा दोनदा उलटतो, म्हणून दोन्ही कॉइलमधला संकेत एकमेकांत मिळतो. विजेच्या उपकरणांमुळे बाहेरून येणाऱ्या हमला, म्हणजे सततच्या गुणगुणीला, चुंबकाच्या ध्रुवाशी काही देणेघेणे नसते; ती एकदाच उलटते आणि त्यामुळे दोन कॉइलमधली हम एकमेकींना खोडून काढते. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी या रचनेच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला आणि ते मिळाले १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे, आणि गंमत म्हणजे नंतरच्या चिठ्ठ्यांवर जो क्रमांक छापला गेला तो ज्यांच्या नावाने ती गिटार ओळखली जाते त्या लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची टोके अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा होता. त्या जुन्या पिकअपमधून एकच वायर आणि तिच्याभोवतीची अर्थची (अर्थिंगची) जाळी बाहेर येई. दोन कॉइल आतच कायमच्या जोडलेल्या असत. आजच्या संचात चारही टोके बाहेर येतात आणि सगळे पर्याय त्या चार टोकांतून निघतात.

डंकनच्या पिकअपमध्ये काळी आणि पांढरी वायर उत्तर ध्रुवाच्या कॉइलची, तर लाल आणि हिरवी दक्षिण ध्रुवाच्या कॉइलची. पाचवी उघडी वायर ही कवचाची. ती नेहमी अर्थलाच जाते. कंपनीने सुचवलेली जोडणी सिरीज, म्हणजे दोन कॉइल एकापाठोपाठ, अशी आहे: काळी पुढे पॉटकडे (व्हॉल्यूमच्या फिरत्या रोधाकडे), पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून वर टेप, हिरवी अर्थला. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. हे रंग सर्व कंपन्यांचे सारखे नसतात. डिमार्झिओच्या पिकअपमध्ये लाल वायर पुढे जाते, काळी-पांढरी एकमेकींना जोडायच्या असतात आणि हिरवी अर्थला जाते; तेव्हा एका कंपनीचा नकाशा समोर ठेवून दुसऱ्या कंपनीचे पिकअप जोडले, तर आवाज येतो पण पातळ आणि रोगट येतो, आणि दोष बिचाऱ्या पिकअपच्या माथी मारला जातो.

सिरीजमध्ये जेबी म्हणजे भरपूर जोर आणि मधल्या स्वरपट्टीच्या वरच्या भागात एक ठळक उंचवटा. अ‍ॅम्प्लिफायर थोडाही तापवला, म्हणजे आवाज फाटू लागेपर्यंत चढवला, की सोलोची प्रत्येक तान पुढे येते, पण स्वच्छ आवाजात हाच उंचवटा नाकातून बोलल्यासारखा वाटतो आणि पहिल्या दोन तारा टोचतात. ५०० ऐवजी २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट लावून जेबीची ही धार बोथट करण्याची युक्ती जुनी आणि खरी आहे. मी ५००चाच ठेवला, कारण आतली स्वच्छ धार पुढे सांगितलेल्या पॅरलल जोडणीत कामी येते. शिवाय पॉटवर छापलेल्या आकड्याची फार भक्ती करू नये. साधारण वीस टक्क्यांचा फरक मान्य धरलेला असतो, म्हणजे ५०० लिहिलेला पॉट मीटरवर ४०० ते ६०० यांमध्ये कुठेही निघू शकतो. दुकानात मीटर लावून पॉट निवडून घेतले तर दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण देतो.

मीटरचा विषय निघालाच आहे तर उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला पडणाऱ्या एका शंकेचे निरसन करतो. जेबीचा रोध साधारण साडेसोळा किलोओहम आणि जॅझचा पावणेआठच्या आसपास असतो. मे महिन्यात नागपुरात मोजले तर दोन्ही आकडे वाढलेले दिसतात आणि माल नकली आहे की काय, अशी पाल मनात चुकचुकते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, त्यामुळे २० अंशांना १६.४ किलोओहम दाखवणारे पिकअप ४५ अंशांना १८च्या घरात जाते. कानाला यातले काही कळत नाही. रोधाचा आकडा हा पिकअपच्या जोराचा अंदाज देतो, आवाजाचा दाखला नव्हे.

आता कॉइल स्प्लिट. पांढऱ्या-लाल जोडाला अर्थ दिली की दक्षिण ध्रुवाची कॉइल निकामी होते आणि एकट्या उत्तर कॉइलचा आवाज उरतो. बहुतेक जण पुश-पुल पॉट (वर ओढला की खटक्याचेही काम करणारा) घेतात ते याचसाठी, कारण एका गिटारमध्ये दोन गिटारी मिळतील अशी आशा असते. जेबीच्या बाबतीत ही आशा बऱ्यापैकी पुरी होते, कारण तिच्या एका कॉइलचाच रोध आठ किलोओहमच्या वर आहे. स्प्लिट केल्यावर आवाज हलका होतो पण अंग टाकत नाही, आणि ताल धरायला तो छान चिवट लागतो. जॅझची अर्धी बाजू मात्र चार किलोओहमच्या आतच राहते. स्ट्रॅटोकास्टर या दुसऱ्या प्रसिद्ध गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा रोध साधारण सहा किलोओहमच्या आसपास असतो, तेव्हा वेढे इतके कमी असलेल्या कॉइलकडून तसा टपोरा आवाज मिळणार कुठून? आवाज निर्मळ असतो, पण अशक्त असतो, आणि टॉगल फिरवताना जोराचा जो खड्डा पडतो तो पेडलने भरून काढावा लागतो.

स्प्लिटचा खरा हिशेब मात्र हमशी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची हम ५० आणि तिच्या पटींत, विशेषतः १०० हर्ट्झला, ऐकू येते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा ‘जी’ ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे ‘जी’मध्ये काही सावकाश वाजवत असाल तर मागे एक किंचित चढा तंबोरा सतत छेडलेला असतो. नागपुरी उन्हाळ्यात यात कूलरची भर पडते: पंख्याची मोटर, पाणी चढवणारा पंप आणि भिंतीवरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. मोटरचे चुंबकीय क्षेत्र जाडसर घों-घों देते, तर रेग्युलेटरचा आवाज चिरका, माशी कानाजवळून गेल्यासारखा असतो, आणि तो वेग मधल्या आकड्यावर ठेवला की सर्वांत वाईट येतो. गिटार धरून जागेवरच पाव वळसा घेतला तर हम निम्म्याहून कमी होते, हे खरे आहे. पण वर्धा रोडवरच्या एखाद्या लॉनवर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवताना, एका बाजूला जनरेटर आणि डोक्यावर डिमरचे दिवे असताना, वळून वळून वळणार कुठे? पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून घेतली तर रेग्युलेटरचा चिरका भाग बराच घटतो. मोटरच्या घों-घोंवर मात्र त्या पातळ पट्टीचा काही इलाज चालत नाही.

दोन्ही पिकअप स्प्लिट करून टॉगल मध्यावर ठेवला तर हम जायला हवी, असा एक समज आहे. तो अर्धवट खरा आहे. दोन्हीकडे पांढऱ्या-लाल जोडाला अर्थ दिली असेल तर दोन्हीकडे उत्तर ध्रुवाच्याच कॉइल शिल्लक राहतात आणि हम तशीच राहते. त्यासाठी एका पिकअपमध्ये हा जोड अर्थला आणि दुसऱ्यात काळ्या वायरला न्यावा लागतो, म्हणजे एकीकडे उत्तर आणि दुसरीकडे दक्षिण कॉइल वाजते आणि मधली जागा शांत होते. कनेक्टर पट्टीवर हे करायला क्षणभर लागला, आणि फरक असा होता की शेजारच्या बाकावर मिक्सर उघडून बसलेल्या पोऱ्यानेही मान वर करून पाहिले.

जॅझसाठी मला पटला तो अर्धस्प्लिटचा मार्ग. पांढरा-लाल जोड थेट अर्थला न देता मध्ये एक रोध घालायचा; मग दुसरी कॉइल पूर्ण निकामी न होता तिचा थोडा अंश आवाजात मिसळत राहतो. पीआरएस ही गिटार कंपनी आपल्या गिटारींमध्ये ही क्लृप्ती वापरते. रोध जितका मोठा, तितका दुसऱ्या कॉइलचा वाटा जास्त. आम्ही २.२ किलोओहमवर थांबलो. जोराचा खड्डा बुजला, अंग थोडे भरले, आणि दुसऱ्या कॉइलचा अंश असल्याने हमही काही प्रमाणात कमी झाली. रुपया-दोन रुपयांच्या वस्तूने एवढा फरक पडावा, हे या संचातले सर्वांत स्वस्त सुख आहे.

पण या सगळ्यांत ज्या जोडणीची सर्वांत कमी चर्चा होते आणि जी इथल्या परिस्थितीला सर्वांत जास्त मानवते, ती पॅरलल. यात काळी आणि लाल एकत्र पुढे जातात, पांढरी आणि हिरवी एकत्र अर्थला. रोधांच्या समांतर जोडणीचा शाळेत शिकलेला नियम इथे लागू होतो: जेबीच्या सव्वाआठ किलोओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की एकूण रोध चारच्या थोडा वर येतो, म्हणजे सिरीजच्या चौथा हिस्सा. प्रवर्तनही (इंडक्टन्स) साधारण त्याच प्रमाणात घटते. परिणामी पिकअपचा अनुनादबिंदू वर सरकतो, म्हणजे आवाजातली चमक ज्या कंप्रतेला शिगेला पोहोचते ती कंप्रता वाढते, आणि जेबीचा तो नाकातला उंचवटा विरघळून त्या जागी घंटेसारखी स्वच्छ धार येते. लांब केबलमुळे वरचे स्वर गिळले जाण्याचे प्रमाणही कमी होते. जोर साहजिकच उतरतो, साधारण स्प्लिटइतकाच. मात्र दोन्ही कॉइल शाबूत असल्यामुळे हम खोडली जातच राहते. कूलर तिसऱ्या आकड्यावर आणि अ‍ॅम्प्लिफायर चांगला उघडलेला, तरी दोन स्वरांच्या मधली शांतता खरोखर शांत होती.

पॅरलल म्हणजे हम नसलेले सिंगल कॉइल, असे काही जण सांगतात. ते मला मान्य नाही. दोन कॉइल तारेला दोन वेगळ्या ठिकाणी ऐकतात आणि त्या दोन जागांमधल्या अंतरामुळे काही वरचे सूक्ष्म स्वर आपसांत कटतात. ही हमबकरची ओळख पॅरललमध्येही टिकते, म्हणून स्ट्रॅटोकास्टरचा टणत्कार तिच्यात सापडत नाही. त्याऐवजी एक सपाट, नेमका, थोडा संयमी आवाज मिळतो, ज्यात सहा तारांचा कॉर्ड वाजवला तर सहाही स्वर वेगळे मोजता येतात. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांची साथ करताना, जिथे गिटारने गायकाच्या मागे राहायचे असते, मला याहून चांगली जोडणी सापडलेली नाही. जेबीसारख्या आडदांड पिकअपमध्ये हा सभ्यपणा दडलेला असेल, असे सिरीजमध्ये ऐकून कोणाला वाटणार नाही. जॅझमध्ये पॅरलल तितकी रंगत नाही. ती मुळातच स्वच्छ असल्याने तिला आणखी स्वच्छ करून उरते काय, तर थोडी काचेची करकर.

फेज, म्हणजे संकेताची दिशा, उलटवण्याचा पर्यायही आम्ही ऐकला. नेक पिकअपची काळी आणि हिरवी वायर अदलाबदल केली की दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना खालचे स्वर एकमेकांना खातात आणि पोकळ, दूरवरून आल्यासारखा आवाज उरतो. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९च्या लेस पॉलमधला मधला आवाज याच जातीचा, फरक इतकाच की तिथे नेक पिकअपचे चुंबक उलटे बसलेले होते. ती गिटार पुढे गॅरी मूर आणि नंतर कर्क हॅमेट यांच्याकडे गेली. संथ ब्लूजमध्ये हा आवाज जीव लावतो, पण एका व्हॉल्यूमला जरा खाली आणून तोल साधावा लागतो, आणि बँडमध्ये ढोलक-कीबोर्डच्या गर्दीत तो हरवूनच जातो. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या आवाजासाठी एक पॉट अडवून ठेवणे मला पटले नाही. एकाच पिकअपच्या दोन कॉइल आपसांत उलट्या फेजमध्ये जोडण्याचे तर नावच काढू नये: संकेत वजा होतो आणि हमची बेरीज होते.

या संचाइतकाच लाभ देणारा आणि जवळपास फुकट असलेला एक बदल म्हणजे टोनच्या कपॅसिटरची जागा. आधुनिक पद्धतीत तो व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या टोकाला जोडतात. पन्नासच्या दशकातल्या पद्धतीत बाहेर जाणाऱ्या मधल्या टोकाला. एक वायर एका पायावरून दुसऱ्या पायावर नेली की व्हॉल्यूम सातवर आणल्यावरही आवाजावर घोंगडी पडत नाही. टोन फिरवताना व्हॉल्यूमही किंचित हलतो, एवढाच त्याचा दोष आहे. त्यासोबत ट्रेबल ब्लीड (व्हॉल्यूम कमी करतानाही वरचे स्वर जाऊ देणारा छोटा जोड) लावायचा मोह आवरावा, कारण दोन्ही एकत्र आले की व्हॉल्यूम कमी करताच आवाज पातळ आणि कर्कश होतो. कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर, बर्डीत सुट्या भागांच्या दुकानात मिळतो तोच, पुरेसा आहे. तेलात बुडवलेल्या कागदी कपॅसिटरच्या किमतीत दोन जोड तारा येतात आणि त्यांचा फरक नक्की ऐकू येतो.

शेवटी जेबीच्या व्हॉल्यूमवर सिरीज-पॅरललचा, आणि जॅझच्या व्हॉल्यूमवर रोधासह अर्धस्प्लिटचा पुश-पुल पॉट बसला. दोन्ही टोन साधे राहिले. काम नीटस झाले. पॉटच्या पाठीवरचे डाग चकचकीत आणि पसरट आहेत, गोळे धरलेले नाहीत, पांढऱ्या-लाल जोडावर टेपऐवजी आकसणारी नळी चढवलेली आहे, आणि प्रत्येक वायरीला इतकी ढील ठेवली आहे की उद्या काही बदलायचे झाले तर काहीही कापावे लागणार नाही. तक्रार आहे ती मुदतीविषयी: ‘परवा घेऊन जा भाऊ’ हा परवा बराच पुढे ढकलला गेला. पुश-पुलच्या बाबतीत दोन गोष्टी आधी मोजून घ्याव्यात. आशियाई बनावटीच्या गिटारीत पॉटचे भोक बहुधा लहान असते आणि अमेरिकी मापाचा पॉट बसवायला ते साडेनऊ मिलिमीटरपर्यंत वाढवावे लागते. पुश-पुलची उंचीही जास्त असते, तेव्हा पोकळी उथळ असेल तर मागचे झाकण लागत नाही. आणि नॉब गुळगुळीत घेऊ नये. मे महिन्यात घामेजल्या बोटांनी तो वर ओढताना गाण्याचा अंतरा निघून जातो.

संच आयात केलेला आणि त्या मानाने महाग आहे. जो फक्त सिरीजमध्येच वाजवणार आहे आणि ज्याला मोठा, पुढे येणारा सोलो हवा आहे, त्याला जेबी एकटी घेतली तरी चालेल. ज्याच्या गिटारमधल्या मूळ हमबकरलाच चार वायरी आहेत, त्याने मागचे झाकण उघडून, मीटर लावून रंगांच्या जोड्या ओळखाव्यात आणि आधी तिथेच पॅरलल जोडणी ऐकून पाहावी. दोन पुश-पुल पॉट आणि मजुरी एवढ्यावर भागले, तर संचाचे पैसे वाचतात.